गाठ आणि नाडी : लुगडं व साडी यांतला खरा फरक

आजी लुगडं नेसायची. आई साडी नेसते. आणि लग्नाच्या हॉलवर भाची येते ती ‘नऊवारी घालून’. तिघींच्या अंगावर काठ, पदर, निऱ्या सगळं आहे, तरी नावं तीन, आणि तिसऱ्या वाक्यात तर क्रियापदही बदललेलं.

लुगडं आणि साडी यांत फरक काय, असं कुणालाही विचारा, बहुतेक जण लांबी सांगतील. नऊ वार ते लुगडं, पाच-सहा वार ती साडी. हे उत्तर चूक नाही, पण थोडं ओढून पाहिलं की उसवतं. शाळेच्या स्नेहसंमेलनात सहावारीलाच मागे काष्टा मारून मुली कोळीनृत्य करतात. ते कापड लांबीने साडीचं, पण नेसण लुगड्याची. उलट एखादीने नऊ वारांचं कापड परकरावर गोल गुंडाळलं, तर निऱ्यांचा डोंगर होईल, पण लुगडं नेसल्यासारखं काही दिसणार नाही. म्हणजे लांबीच्या मागे आणखी काहीतरी आहे. माझ्या मते ते ‘काहीतरी’ कमरेपाशी सापडतं: कापड अंगावर कशाच्या आधाराने टिकतं, या प्रश्नात.

शब्दांत वार नाहीत

आधी शब्द बाजूला करू, कारण त्यांच्यातून लांबीचा पत्ता लागत नाही. ‘साडी’ संस्कृतातल्या ‘शाटी’, ‘शाटिका’वरून आली. शाटी म्हणजे कापडाचा पट्टा, लांब वस्त्र. ‘लुगडं’ शेजारच्या भाषांमध्येही आहे आणि प्रत्येक ठिकाणी वेगळ्या अर्थाने. गुजरातीत ‘लूगडुं’ म्हणजे कुठलंही कापड किंवा कपडा. राजस्थानात ‘लूगडी’ ही डोक्यावरून घ्यायची ओढणी. छत्तीसगडीत ‘लुगरा’ म्हणजे साडीच. एकाच कुळातला शब्द एका गावात ओढणी, दुसऱ्यात साडी, तिसऱ्यात नुसता कपडा. मराठीने मात्र त्याला एका विशिष्ट वस्त्राशी घट्ट बांधलं, आणि ते वस्त्र ठरलं काष्टा घालून नेसायचं.

हात, वार आणि साडेपाच मीटर

मापाचा एक गोंधळ इथेच मिटवून टाकू. वार म्हणजे यार्ड, तीन फूट, ३६ इंच. त्याआधीचं घरगुती माप हात: कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत, साधारण दीड फूट. दोन हातांचा एक वार. म्हणून जुन्या बायका ज्याला अठराहाती लुगडं म्हणत तेच नऊवारी, आणि सोळाहाती म्हणजे आठ वारांचं.

मीटरमध्ये नऊ वार म्हणजे ८.२३ मीटर. सहा वार म्हणजे ५.४९. दुकानात साडीवर ‘साडेपाच मीटर’ लिहिलेलं असतं ते हेच सहा वार, मेट्रिक कपडे घालून आलेले. ‘६.३० मीटर’ लिहिलं असेल तर उरलेले ८० सेंटीमीटर ब्लाउजपीसचे. आणि आपण ज्याला सर्रास ‘पाचवारी’ म्हणतो ती बहुतेक वेळा सहावारीच असते. खरे पाच वार जेमतेम साडेचार मीटर भरतात, आणि तेवढ्यात आजच्यासारखा लांब पदर निघत नाही.

कमरेवर कापड टिकतं कसं?

आता मूळ प्रश्न. शिवलेला कपडा अंगावर राहतो तो शिवणीमुळे, बटणामुळे, नाडीमुळे किंवा इलॅस्टिकमुळे. न शिवलेल्या कापडाला यांपैकी काहीच नाही. मग आठ मीटर कापड, तेही सुती, भिजलं तर दुप्पट जड, दिवसभर शेतात वाकलं-उठलं तरी कमरेवरून सुटत का नाही?

लुगडं नेसताना बाई कापड पाठीमागून कमरेभोवती घेते, वरचा काठ दोन्ही हातांनी ताणून पुढे आणते आणि घट्ट गाठ मारते. पदरासाठी लागणारा भाग एका बाजूला राखलेला असतो. दुसऱ्या बाजूच्या लांबलचक भागाच्या निऱ्या करून पुढे खोचायच्या, त्याच निऱ्यांचा खालचा काठ पायांमधून मागे न्यायचा आणि पाठीशी खोचायचा. तो काष्टा. जातीजातींत, गावागावांत यातल्या पायऱ्यांचा क्रम आणि घट्टपणा बदलतो, पण गाठ आणि काष्टा हे दोन खांब बहुतेक ठिकाणी तेच.

एवढीशी गाठ इतकं वजन कशी पेलते, हे समजायला खुंट्याला बांधलेला बैल डोळ्यांपुढे आणा. दाव्याचे खुंट्याभोवती दोन वेढे दिले, तर दुसरं टोक एखादं पोरही नुसतं धरून ठेवू शकतं. बैल हिसडा देतो तो पोराच्या हातापर्यंत पोचतच नाही. दावं खुंट्याला घासतं आणि बहुतेक ओढ त्या घर्षणातच जिरते. अठराव्या शतकातल्या लिओनहार्ड ऑयलर या स्विस गणितज्ञाच्या नावाने याचं सूत्र ओळखलं जातं. त्यातली गंमत अशी, की वेढ्यांबरोबर ही ताकद बेरजेने वाढत नाही, गुणाकाराने वाढते. मध्यम खरखरीत दोर एका पूर्ण वेढ्यात ओढ साधारण साडेसहा पटींनी कमी करतो. दोन वेढ्यांत ती चाळीस पटींहून जास्त कमी होते.

लुगड्यात कंबर हा खुंटा, ताणलेला काठ हा दोर, आणि गाठ म्हणजे ते पोर. ओझं वेढ्याने पेललेलं असतं, गाठीला फक्त शेवटचा उरलेला ताण धरायचा असतो. यातून आणखी एक गोष्ट कळते: खेळ सारा घर्षणाचा आहे, म्हणून कापड खरखरीत हवं. जाडसर सुती लुगडं धुऊन धुऊन मऊ झालं तरी पकड सोडत नाही. गुळगुळीत रेशमाची गाठ मात्र सैलावते, आणि पॉलिस्टरची तर आपण वाट बघेपर्यंतही थांबत नाही.

साडीने हा सगळा खटाटोप परकराकडे सोपवला. परकराची नाडी कमरेला आवळलेली असते, साडी तिच्यात खोचतात आणि साडीचं वजन नाडीवर लोंबतं. साडीला स्वतःला गाठ मारायची गरज उरत नाही. म्हणूनच साडी नेसायला सॅटिनचा परकर निवडला तर निऱ्या हळूहळू निसटतात आणि सुती परकरावर जागच्या जागी राहतात. नाडी दोन्हीकडे तितकीच घट्ट असते, पण सॅटिनवर कापडाला कापड धरत नाही.

लुगडं स्वतःच्या गाठीवर उभं असतं, साडी दुसऱ्या, शिवलेल्या कपड्यावर. वारांचा फरक याच्यामागून येतो.

काष्टा नेमकं काय करतो

काष्ट्याबद्दल आपण बहुधा शौर्यकथांच्या ओघात बोलतो, घोडा आणि तलवार यांच्यासकट. त्याचं रोजचं काम जास्त मनोरंजक आहे.

गोल नेसलेली साडी म्हणजे पायांभोवतीची एक नळी. चालताना पाऊल किती लांब पडेल, हे त्या नळीच्या खालच्या घेरावर ठरतं. निऱ्या असतात त्या घेर वाढवायला; पाऊल पुढे पडलं की उलगडतात, मागे आलं की मिटतात. सपाट रस्त्यावर हे छान चालतं. पण उकिडवं बसा, बांधावर चढा, गुडघाभर चिखलात भाताची लावणी करा, की नळी आडवी येते. खालचा घेर पायाखाली सापडतो किंवा चिखलात लोळतो. काष्टा ही नळी मधोमध बंद करतो आणि दोन पायांना दोन वेगळी घरं देतो. मग लुगडं हवं तेवढं वर ओढता येतं, गुडघ्यापर्यंतसुद्धा. कोळणींचं आणि शेतात राबणाऱ्या बायकांचं आखूड, घट्ट नेसणं याच सोयीतून आलं. लावणी नृत्यातल्या पदन्यासालाही हीच मोकळीक लागते.

दुसरं काम डोळ्याला दिसत नाही. कमरेभोवती गुंडाळलेलं कुठलंही कापड चालता चालता हळूहळू फिरू लागतं. पुढच्या निऱ्या बाजूला सरकतात. काष्टा पुढून मागे गेल्यामुळे कापड दोन ठिकाणी, पोटाशी आणि पाठीशी, अडकवलेलं राहतं. फिरायला जागाच उरत नाही. साडीत हे काम सेफ्टी पिनेकडे गेलं. साडीला पिना लागतात हा काही आजच्या मुलींचा आळस नव्हे. पाठीमागचा खिळा काढून घेतल्यावर पुढे खिळा मारावाच लागतो.

धोतराची रचनाही हीच आहे. पुढे निऱ्या, मागे कासोटा. पुरुषाचं धोतर आणि बाईचं लुगडं हे एकाच युक्तीचे दोन आविष्कार आहेत. लुगड्यात पदराचं कापड जास्तीचं, एवढंच. लुगड्याबद्दलच्या नाजूकपणाच्या कल्पना डोक्यात असतील तर त्या इथे थोड्या सैल कराव्यात.

तीन वार गेले कुठे?

साडीचा ढोबळ हिशेब मांडू. कमरेभोवती एक फेरी, एक ते सव्वा वार. पाचेक इंच रुंदीच्या सहा निऱ्या. प्रत्येक निरीत कापड दुमडून दुप्पट जातं, म्हणजे साठ इंच, पावणेदोन वारांच्या आसपास. उरलेलं पाठीवरून, छातीवरून, खांद्यावरून मागे सोडलेल्या पदरात. सहा वार संपले.

लुगड्यात यावर पायांमधून जाणारा पट्टा, काष्टा आणि दोन्ही मांड्या-पोटऱ्या वेगवेगळ्या झाकणारं कापड लागतं. ते तीन वार. आता गंमत पाहा: साडीखालच्या परकराला साधारण दोन-सव्वादोन मीटर कापड लागतं, म्हणजे जवळजवळ अडीच वार. साडीने वाचवलेलं कापड बरंचसं परकराने परत घेतलं. ‘पाचवारी आली आणि कापड वाचलं’ असं म्हणणाऱ्याने परकर मोजलेला नसतो.

चौकट : नेसणीतले काही शब्द

पन्ना : कापडाची रुंदी. लांबीइतकीच महत्त्वाची, पन्ना कमी असला तर लुगडं घोट्यापर्यंत पोचत नाही.
काठ : लांबीच्या दोन्ही कडांची विणलेली पट्टी. दिसायला शोभा, पण ताण पेलणारी मजबूत कडही तीच.
ओचा : लुगड्याचा पुढे खोचलेला भाग. तो जरा सैल सोडला की झोळी होते. भाजी, फुलं, शेंगा ओच्यात भरून आणतात.
कनवटी : कमरेवरची दुमड. सुटे पैसे आणि चंची ठेवायची जागा.
सकच्छ, विकच्छ : काष्टा घातलेली आणि न घातलेली नेसण. जुन्या लेखनात आढळणारे शब्द. बोलताना लोक ‘काष्ट्याचं’ आणि ‘गोल’ म्हणत.

सुती अंग, रेशमी पदर

एक इरकली लुगडं हातात घेऊन पाहिलं तर विणकराला हा घर्षणाचा हिशेब पक्का ठाऊक होता, असं मला वाटतं. इरकल हे आपण मराठीत रुळवलेलं नाव. गाव आहे इळकल, कर्नाटकातल्या बागलकोट जिल्ह्यात. पण तिथली लुगडी पिढ्यान्‌पिढ्या महाराष्ट्राच्या अंगावर आहेत.

नेहमीच्या साडीत ताणा, म्हणजे मागावर लांबीच्या दिशेने ताणलेले उभे धागे, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सलग जातो. पदराचा रंग बदलायचा तर फक्त बाणा, म्हणजे आडवा धागा, बदलतात. त्यामुळे पदरात अंगाच्या रंगाची झाक राहतेच. इरकलीत ताणाच वेगळा. अंगाचा ताणा सुती, पदराचा रेशमी, आणि जिथे अंग संपून पदर सुरू होतो तिथे सुती धाग्याचा फास रेशमी धाग्याच्या फासात अडकवून दोन्ही जोडतात. कानडीत या पद्धतीला ‘टोपे तेनी’ म्हणतात. एकेक धागा असा जोडायचा, आणि प्रत्येक लुगड्यासाठी ते नव्याने करायचं. म्हणून इरकलीचा पदर इतका गडद लाल उठतो. त्यात दुसऱ्या रंगाची भेसळच नसते. गाठ बसते आणि घाम येतो तिथे सूत, लोकांना दिसतं तिथे रेशीम. वस्त्रातला पैसा कुठे घालावा याची ही समज आजच्या पूर्ण सिंथेटिक ‘इरकल प्रिंट’मध्ये अर्थातच नाही.

पातळ नावाचा मधला शब्द

आजीच्या लुगड्यावरून आपण थेट आईच्या साडीवर उडी मारली, पण मध्ये एक शब्द होऊन गेला: पातळ. चाळिशी ओलांडलेल्यांच्या कानावर तो नक्की असेल. ‘पाचवारी पातळ’, ‘गोल पातळ’. नावातच गुण आहे; जाड हातमागाच्या लुगड्यापुढे गिरणीचं तलम कापड खरोखर पातळ होतं.

१८५६ मध्ये मुंबईत ताडदेवला कावसजी दावर यांची सूतगिरणी सुरू झाली. १८७७ मध्ये नागपुरात टाटांची एम्प्रेस मिल आली. १९०४ मध्ये इचलकरंजीत विठ्ठलराव दातारांनी पहिला यंत्रमाग बसवला. सुरुवातीला मुंबईच्या गिरण्यांचा भर सुतावर होता, पण जसजसं गिरणीचं विणलेलं तलम कापड स्वस्त होत गेलं, तसतसं कमरेवर एक अडचण उभी राहिली. तलम कापड अंगाला चिकटतं, आरपार दिसतं आणि गाठीला नीट धरत नाही. त्याला आतून परकराचा आधार लागतो. आणि परकर आलाच, तर मग काष्टा हवा कशाला? लांबी घटली ती इथे. फॅशन म्हणून जे आपण बघतो त्यामागे धाग्याची जाडी आहे, हे माझं म्हणणं थोडं ताणलेलं वाटेल. निव्वळ धाग्याने सगळं घडलं असंही नाही.

दुसरा दोर ओढला तो प्रवासाने आणि शिक्षणाने. पहिले हिंदी आयसीएस अधिकारी सत्येंद्रनाथ ठाकूर मुंबई इलाख्यात नोकरीला आले, तेव्हा त्यांच्या पत्नी ज्ञानदानंदिनी देवी यांनी मुंबईतल्या पारशी बायकांची साडी पाहिली. तिच्यात फेरफार करून, आत परकर आणि वर जाकीट घालून त्यांनी ती बंगालमध्ये नेली. आजच्या शहरी साडीच्या घडणीतला तो एक टप्पा. १८८३ मध्ये डॉक्टरकी शिकायला अमेरिकेला गेलेल्या आनंदीबाई जोशी यांना वेगळीच अडचण आली. फिलाडेल्फियाच्या थंडीत मराठी पद्धतीच्या नेसणीत पोटऱ्या उघड्या राहतात, म्हणून त्यांनी गुजराती पद्धतीची साडी नेसायला सुरुवात केली. लावणीच्या शेतात जो गुण, तोच बर्फात दोष.

गोल नेसण इथे सहज स्वीकारली गेली असं मात्र नाही. काष्टा सोडणं हे बऱ्याच घरांत धर्म सोडण्याइतकं गंभीर मानलं जाई. आजही सोवळ्याच्या कामात, पूजेला, लग्नात काष्ट्याचा आग्रह कुठे कुठे टिकून आहे. वधूला लग्नात नेसवतात ती पिवळी अष्टपुत्री अशा घरांत नऊवारीच लागते. आठवड्याचे सहा दिवस जीन्स घालणाऱ्या मुलीलासुद्धा.

याच काळात शब्दांची पत बदलली. ‘लुगडं’ खेड्याचं झालं, ‘साडी’ शहराची, आणि ‘पातळ’ दोहोंमध्ये काही दशकं रेंगाळून बोलण्यातून जवळजवळ गेलं. ‘नऊवारी साडी’ हा प्रयोगही याच बदलाचं अपत्य. जेव्हा सगळीच लुगडी नऊ-आठ वारांची होती, तेव्हा वार सांगायची गरज नव्हती. लहान साडी हा नियम झाल्यावर मोठीला मापाचं विशेषण लावावं लागलं. त्यातही ‘नऊवारी लुगडं’ न म्हणता ‘नऊवारी साडी’ म्हटलं जातं, कारण लुगडं म्हटलं की दुकानातली किंमत कमी वाटते. हा माझा संशय आहे, पण दुकानांच्या पाट्या वाचून तो वाढतोच.

नेसणं आणि घालणं

मराठीत कपड्यांची क्रियापदं फार काटेकोर आहेत. सदरा घालतात, फेटा बांधतात, शाल पांघरतात, पण धोतर, लुगडं, साडी, पंचा नेसतात. ‘नेसणे’ हे संस्कृतातल्या ‘नि’ आणि ‘वस्’ यांपासून आलं. वस् म्हणजे वस्त्र धारण करणं. पण मराठीत त्याने एक बारीक अट घालून घेतली आहे: कापड न शिवलेलं हवं, आणि ते कमरेवर अडकवलेलं हवं. म्हणून शाल न शिवलेली असूनही नेसत नाहीत. परकराबाबत तर भाषेलाच ठरवता येत नाही. जुन्या बायका परकर ‘नेसत’, नव्या ‘घालतात’. शिवण आहे, पण कमरेवर आहे, अशी ती सीमारेषेवरची वस्तू.

याच कसोटीने शिवलेल्या नऊवारीकडे पाहा. शिंपी ते कापड सरळ कापतो, पायजम्यासारखे दोन पाय शिवतो, मागे काष्टा टाचतो, पुढे निऱ्या घालून त्यांवर टीप मारतो, कमरेला नाडी किंवा हुक लावतो. पदर तेवढा मोकळा. मुलगी त्यात पाय घालते, हुक लावते, पाच मिनिटांत तयार. गाठ नाही, वेढा नाही, घर्षणाचं काही काम नाही. ती ‘नऊवारी घातली’ म्हणते तेव्हा तिचं व्याकरण अचूक असतं. त्या कपड्याला ‘नेसणे’ लावणं चूक ठरेल. आणखी एक चमत्कार म्हणजे हीच ‘नऊवारी’ शिंपी सहावारी साडीतूनही शिवून देतात. पाय पायजम्यासारखे झाल्यावर गुंडाळायला कापड कमी लागतं. म्हणजे नावात नऊ वार, अंगावर सहा, आणि नेसण शून्य. मला यात तक्रार करण्यासारखं काही दिसत नाही. लेझीम खेळताना आणि दुचाकीवर ढोल-ताशा पथकाच्या सरावाला जाताना ती सोयीची आहे. फक्त ती तिसरी वस्तू आहे, लुगडं नव्हे आणि साडीही नव्हे.

खरं लुगडं नेसून पाहायचं असेल तर दुकानात ‘नऊवारी द्या’ एवढ्यावर थांबू नका. लांबी मीटरमध्ये मोजून घ्या, सव्वाआठच्या खाली नको. उंच असाल तर पन्नाही विचारा. पहिल्या खेपेला पैठणी किंवा सिल्क घेऊ नका, सुती किंवा सुती अंगाचं इरकल घ्या. नेसण्याआधी एकदा धुवा, म्हणजे खळ जाईल आणि कापड कापडाला धरेल. आत परकर नको. आणि गाठ मारण्याआधी काठ दोन्ही हातांनी नीट ताणून घ्या. गाठ सुटली तर दोष बहुतेक वेळा गाठीचा नसतो, सैल राहिलेल्या वेढ्याचा असतो.